टर्बोला जोडलेल्या तीन नळ्या: एका जुन्या पिकअपचा इतिहास



पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न सारखा येतो: "साधनचिकित्सा ही संकल्पना पाठ झाली आहे, पण प्रत्यक्ष कागद हातात आल्यावर करायचं काय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. व्याख्या पाठ करून हे जमत नाही. मलाही जमलं नव्हतं, आणि त्याची किंमत माझ्या मामाने मोजली. म्हणून आज एखाद्या बखरीचं किंवा ताम्रपटाचं उदाहरण न घेता एका सेकंडहँड टर्बो पिकअपचं घेते.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रात झालं आणि आता पीएचडी तंत्रज्ञानाच्या इतिहासावर चालू आहे. मामा नारायणगावच्या बाजूला टोमॅटो करतो. जानेवारी २०२२ मध्ये त्याने स्वतःचा पिकअप घ्यायचं ठरवलं. नवा परवडणारा नव्हता. हातात साडेचार लाख होते आणि त्यात मामीची भिशीसुद्धा होती. मला फोन आला, "तू दिवसभर जुनी कागदं वाचतेस ना? मग ये, ही पण वाच."

पहिली गाडी बघितली तिचा मीटर ६८,००० किलोमीटर दाखवत होता. बॉनेट उघडल्यावर आतल्या बाजूला ऑईल बदलल्याचा एक मळलेला स्टिकर दिसला. त्यावर पुढच्या ऑईलचा आकडा होता १,२०,०००. मीटर मागे फिरवलेला होता, हे सांगायला मिस्त्रीची गरज नव्हती. मामा खूश झाला. मीही झाले, आणि तिथेच थोडी हवा डोक्यात गेली.

दुसरी गाडी २०१७ची, बीएस-४, मीटर १,२४,०००. मालकाने एक फाईल पुढे ठेवली. प्रत्येक ऑईल बदलाचं बिल, तारीख आणि किलोमीटर त्यात लावलेले होते. मी ती चाळली आणि म्हटलं, "मामा, कागद स्वच्छ आहेत. घे."

ती चूक होती. चूक नेमकी कुठे झाली ते सांगण्याआधी टर्बोचा इतिहास सांगावा लागेल, कारण तो माहीत असता तर मी ती फाईल वेगळ्या पद्धतीने वाचली असती.

टर्बो म्हणजे काय, दोन मिनिटांत

डिझेल इंजिनात जितकी हवा आत जाईल तितकंच डिझेल नीट जळतं. जास्त ताकद हवी तर जास्त हवा हवी. आता इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरवाटे गरम धूर होऊन निघून जाते. त्या धुराच्या वाटेत एक छोटं चक्र बसवलं तर ते फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र बसवलं तर ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात ढकलतं. झाला टर्बो. पिकअपसारख्या गाडीत हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

म्हणजे टर्बोचा तीन गोष्टींशी संबंध येतो: धूर, हवा आणि तेल. तीन नळ्या म्हणा. त्याचा शंभरेक वर्षांचा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात येते. मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. माणसं अडली ती दर वेळी या तीन नळ्यांपैकी एखादीत.

पहिली नळी: धूर

स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुर गावचा अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट मागितलं. वाया जाणाऱ्या धुरावर चालणारं चक्र आणि हवा दाबणारा पंप डिझेल इंजिनाला जोडायचा, ही मांडणी त्यात आहे. बऱ्याच लोकप्रिय लेखांत गोष्ट इथेच संपते: "१९०५ मध्ये टर्बोचा शोध लागला."

पण संशोधक म्हणून पुढचा प्रश्न विचारा: मग तो वापरात कधी आला? ब्यूखीने सुल्झर कंपनीत प्रयोग केले, पण चालण्यासारखं यंत्र लवकर हाती लागलं नाही. तेवढ्या उष्णतेत टिकणारे धातू नव्हते, हवा दाबणारे पंप कमी कार्यक्षम होते. आणखी एक अडचण धुराच्याच वाटेत होती. सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच नळीत आला की एकाचा धक्का दुसऱ्याला अडवतो. १९२५ मध्ये ब्यूखीने सिलिंडरांचे गट करून त्यांच्या धुराच्या वाटा वेगळ्या करण्याची पद्धत मांडली, आणि मग गाडं पुढे सरकलं. त्याच दशकात 'प्रॉयसन' आणि 'हान्सेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसवले. १,७५० अश्वशक्तीची इंजिनं २,५०० अश्वशक्ती देऊ लागली.

पेटंट आणि जहाज यांच्यात जवळपास वीस वर्षं आहेत. परीक्षेत पहिली तारीख विचारतात, पण इतिहास त्या मधल्या वीस वर्षांत आहे. दोन नोंदींच्या मध्ये काय घडलं, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरी नळी: हवा

पहिल्या महायुद्धात विमानांपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिन दमतं. फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफोर्ड मॉस यांनी टर्बोकडे या नजरेने पाहिलं. १९१८ मध्ये मॉसने लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन चक्क ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेलं. समुद्रसपाटीला ते इंजिन ३५० अश्वशक्ती देत होतं. शिखरावर टर्बोशिवाय ते सुमारे २३० वर आलं, आणि टर्बो जोडल्यावर ३५६ वर गेलं.

ही चाचणी संशोधनाच्या दृष्टीनेही वाचण्यासारखी आहे. इंजिन तेच, जागा तीच, बदल फक्त एका गोष्टीत. प्रयोगरचनेच्या प्रकरणात आपण जे पाठ करतो, ते मॉसने थंडीवाऱ्यात डोंगरावर केलं.

हवेच्या नळीची दुसरी गोष्ट उलट्या दिशेची आहे. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्स कंपनीने टर्बो लावलेली डिझेल गाडी उतरवली. चालक फ्रेड अगाबाशियन. डिझेल म्हणजे ट्रॅक्टरचं इंजिन असं मानणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून तिने पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांचा वेग गाठून पहिला क्रमांक पटकावला. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र २०० पैकी ७१ फेऱ्यांनंतर ती बाहेर पडली. टर्बोचं हवा ओढणारं तोंड खाली होतं आणि ट्रॅकवरच्या टायरच्या रबराच्या कचऱ्याने ते तुंबलं. इंजिन ठणठणीत होतं, टर्बोही ठणठणीत होता. फक्त हवा बंद झाली.

आमच्या आळेफाट्याचे मिस्त्री एअर फिल्टर झटकताना जे बोलतात त्यात हीच गोष्ट आहे. शेतातल्या मातीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या पिकअपच्या फिल्टरची क्लिप सैल असेल, तर गाळलेल्या हवेबरोबर धूळही आत जाते. लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांवर ती धूळ पॉलिश पेपरसारखी चालते.

तिसरी नळी: तेल

टर्बोचं एक चक्र धुराने भाजत असतं, दुसरं थंड हवेत असतं आणि मधला दांडा तेलावर असतो. तेलाची दोन कामं: दांड्याला तरंगत ठेवायचं आणि उष्णता वाहून न्यायची. घाट चढून आल्याबरोबर चावी बंद केली तर इंजिनाचा तेलपंप थांबतो, पण तापलेल्या चक्रातली उष्णता कुठे जाणार? ती दांड्याकडे सरकते. तिथे अडकलेलं तेल भाजतं आणि त्याचा कोळसा होतो. हे वर्षानुवर्षं होत राहिलं की तेलाची वाटच अरुंद होते.

"गाडी लगेच बंद करू नका, दोन मिनिटं आयडल ठेवा" हा नियम इथून आला. मात्र असा नियम म्हणजे एक साधन समजा आणि त्याला प्रश्न विचारा: कोणत्या इंजिनासाठी? कोणत्या परिस्थितीत? जोरात किंवा भार घेऊन चालवल्यानंतर थांबलात तर एक-दोन मिनिटं आयडलला ठेवण्यात नक्की अर्थ आहे. शेवटचे दोन किलोमीटर गावातून हळू आला असाल तर टर्बो वाटेतच निवलेला असतो. पुढे, विशेषतः १९८०च्या दशकापासून, बऱ्याच गाड्यांमध्ये टर्बोचा मधला भाग पाण्याने थंड करायची सोय आली. आणि बीएस-६ गाडीत, जिथे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तिथे तासन् तास आयडल ठेवणं उलट त्रासाचं ठरतं. नियम जुना म्हणून खोटा ठरत नाही, पण तो कशासाठी होता हे कळल्याशिवाय कधी पाळायचा तेही कळत नाही.

चालवणाऱ्याच्या सवयी आणि टर्बो यांचं जमलं नाही तर काय होतं, याचं मोठं उदाहरण म्हणजे १९६२ ची ओल्ड्समोबाईल जेटफायर. कारखान्यातूनच टर्बो लावून विकलेल्या पहिल्या मोटारींपैकी ती एक, पेट्रोलवर चालणारी. इंजिनात वेळेआधी स्फोट होऊ नयेत म्हणून तिला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून द्यावं लागे. ते संपलं की एक झडप टर्बोचा दाब कमी करत असे. लोक मिश्रण भरायला विसरायचे आणि मग गाडीत दम नाही म्हणायचे. १९६५ मध्ये कंपनीने मालकांना टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली. यंत्र कागदावर बरोबर होतं. मालक ते रोज कसं वापरणार, हा हिशोब चुकला.

मग हा टर्बो पिकअपमध्ये कसा आला?

मालवाहू गाड्यांमध्ये टर्बो आधी मोठ्या ट्रकांना लागला. स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीचं १९३८ चं ट्रकचं इंजिन त्यातलं पहिलं मानतात. पिकअपच्या बाबतीत १९८९ हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी अमेरिकेत डॉज राम पिकअपमध्ये कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर टर्बो डिझेल आलं. अश्वशक्ती फक्त १६०, पण कमी फेऱ्यांवर ओढण्याची ताकद भरपूर. त्या जुन्या गाड्या आजही तिकडे हातोहात विकल्या जातात. त्यांचे खरेदीदारही मीटरपेक्षा जास्त लक्ष ठरावीक ठिकाणी देतात. उदाहरणार्थ, टायमिंगच्या गिअरजवळची एक छोटी पिन थरथरून सैल होते आणि गिअरमध्ये पडू शकते. करंगळीहून लहान पिन आणि अख्खं इंजिन धोक्यात. म्हणून तिकडचा जाणकार पहिला प्रश्न विचारतो, "पिनचं काम झालंय का?"

हे इंजिन आपल्याला परकं नाही. कमिन्स १९६२ मध्येच किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली होती. पुढे १९९३ मध्ये टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी होऊन जमशेदपूरला याच कुळातली इंजिनं टाटांच्या ट्रकांसाठी बनू लागली.

आपल्याकडच्या लहान गाड्या मात्र बराच काळ टर्बोशिवायच चालल्या. १९८०-९० च्या दशकांतल्या महिंद्रा जीपमधलं प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं डिझेल इंजिन आठवा. घाटात दमायचं, काळा धूर सोडायचं, पण गावचा मिस्त्री ते डोळे मिटून खोलायचा. पुढे धुराचे नियम कडक होत गेले. बीएस-४ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला, बीएस-६ एप्रिल २०२० पासून. डिझेल नीट जाळायचं तर हवा भरपूर हवी, म्हणून टर्बो ही चैन न राहता गरज झाली. याचा एक परिणाम असा की जीपच्या काळात तयार झालेल्या सवयी, म्हणजे ऑईल "थोडं पुढे ढकलू", चढ चढून लगेच चावी बंद, या नव्या इंजिनांबरोबरही तशाच चालू राहिल्या. जुनं इंजिन त्या सहन करत होतं. टर्बोला त्या सोसत नाहीत.

आता मामाची गाडी

दीड वर्ष गाडी छान चालली. नारायणगावहून आळेफाटा, माळशेज, कल्याण, वाशी. येताना कल्याणहून किराणा माल. माळशेज चढून आलं की वर चहा. गाडी टपरीसमोर लावली की चावी बंद.

जून २०२३ मध्ये गाडी ओढेना आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. एका गॅरेजवाल्याने टर्बो गेला म्हणून सांगितलं आणि नवा टाकला. वीस हजारांच्या आसपास खर्च. मामाने दिले. तीन आठवड्यांनी नवा टर्बोही गेला.

तारीख आठवा: जुलै २०२३. टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेला होता, नारायणगाव बाजार टीव्हीवर रोज दिसत होता. वर्षानुवर्षं ज्या भावाची वाट बघितली तो भाव आला आणि मामाची गाडी दारात उभी. माल दुसऱ्याच्या गाडीतून भाड्याने पाठवला. भाडं मागेल तेवढं द्यावं लागलं. मामा मला काही बोलला नाही. मामी म्हणाली, "तू बघून दिली होतीस ना गं गाडी?" एवढंच.

शेवटी आळेफाट्याच्या जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी टर्बोकडे बघितलंसुद्धा नाही. आधी टर्बोला तेल देणारी बारीक नळी काढली, हॅकसॉने उभी कापली आणि माझ्या हातात दिली. आत काळा कडक थर. भोक जेमतेम काडी जाईल एवढं.

"टर्बो आपणहून जात नाही ताई," ते म्हणाले, "कुणीतरी घालवतं. आधी ते शोधायचं, मग नवा टाकायचा."

पहिल्या गॅरेजवाल्याने मेलेला टर्बो बदलला, पण त्याला मारणारी नळी तशीच ठेवली. आपणही प्रबंधात असंच करतो. घटना दिसते, तिच्या शेजारचं कारण दिसतं, आपण तिथेच थांबतो.

त्या रात्री मी ती बिलांची फाईल पुन्हा काढली. या वेळी बिलं नुसती चाळली नाहीत, वहीत उतरवली. तारीख, किलोमीटर आणि तिसऱ्या रकान्यात आधीच्या बिलापासूनचं अंतर. सगळीकडे १०,०००, ९,०००, १०,०००. मग फेब्रुवारी २०२०: मीटर ७१,०००. त्याच्या पुढचं बिल जानेवारी २०२१: मीटर १,०३,०००.

बत्तीस हजार किलोमीटर, मध्ये एकही ऑईल बदल नाही.

खरी लाज वाटली ती यासाठी की हे दोन्ही आकडे खरेदीच्या दिवशी माझ्यासमोर होते. अकरा महिन्यांची रिकामी जागा मला दिसलीही होती. पण मी मनात म्हटलं, "लॉकडाऊन होता, गाडी उभीच असणार." माझ्याकडे स्पष्टीकरण तयार होतं, म्हणून मी वजाबाकी केलीच नाही. एम.एस्सी. झालेल्या मुलीने वजाबाकी केली नाही!

जुन्या मालकाला फोन केला. तो मोकळेपणाने बोलला. लॉकडाऊनमध्ये भाजीपाल्याच्या गाड्यांना परवानगी होती, त्यामुळे गाडी रोज चालली. गॅरेज बंद होती. नंतर उघडली तेव्हा कामाची सवय लागली होती आणि ऑईलचं राहून गेलं. त्याने काही लपवलं नव्हतं. फाईल खरी होती. मी ती चुकीची वाचली.

आता तेवढ्यामुळेच टर्बो गेला असं मी छातीठोकपणे लिहिणार नाही. माळशेजच्या चहालाही त्यात वाटा असणार. जुनं काळं तेल आणि गरम टर्बो एकदम बंद करणं, दोन्हींमुळे तोच थर साठतो. नळीतला कोळसा कोणत्या वर्षाचा हे कोळशावर लिहिलेलं नसतं. म्हणून माझा निष्कर्ष एवढाच: बत्तीस हजारांचा खड्डा मला त्या दिवशी दिसला असता, तर आम्ही गाडी नाकारली असती, किंवा भाव पाडून घेऊन पहिल्याच आठवड्यात ती नळी बदलली असती. ती नळी टर्बोच्या मानाने अगदी स्वस्त असते.

तुम्ही किंवा घरचं कुणी जुना टर्बो पिकअप घेत असाल तर

हे मिस्त्रींकडून शिकलेलं आहे, तीन नळ्यांच्या क्रमाने.

धूर: गाडी बघायला जाताना मालकाला आधी सांगा की सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनाची पहिली सुरुवात सगळ्यात जास्त बोलते. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. भार देताना सतत दाट काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर न जळालेलं डिझेल किंवा पाणी. चालू इंजिनाचं ऑईलचं झाकण जपून सैल करा. आतून जोरात फुसफुस येत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, मग टर्बो चांगला असून उपयोग नाही.

हवा: फिल्टर काढा आणि त्याच्या पुढच्या नळीत बोट फिरवा. धूळ लागली तर क्लिप सैल किंवा नळी फाटलेली आहे. इंजिन बंद करून टर्बोचं हवेकडचं चक्र हाताने फिरवा. दांडा किंचित आजूबाजूला हलणं चालतं, कारण तो तेलावर बसतो. पण चक्र घराला घासत असेल, पात्यांची टोकं खाल्लेली असतील किंवा दांडा जाणवण्याइतका पुढेमागे सरकत असेल तर गाडी सोडा. इंटरकूलरच्या नळीत तेलाचा हलका ओशटपणा चालतो, तेल साठलेलं असेल तर नाही. हे तेल इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच्यावरच सुसाट धावू शकतं आणि चावीने बंद होत नाही.

तेल: पट्टीवर तेल किती आहे तेवढंच बघू नका, कसं आहे ते बघा. चिखलासारखं घट्ट किंवा खरखरीत लागलं तर विचार करा. गाडी घेतल्यावर ऑईल आणि फिल्टर लगेच बदला, टर्बोची तेलाची नळी तपासून घ्या. सुरू केल्याबरोबर रेस करू नका, तेलाला वर पोचू द्या. आणि घाटानंतरच्या चहाआधी एक-दोन मिनिटं थांबा.

कागद: आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होतं, आणि आठ वर्षांवरच्या अशा गाड्यांना महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. तो खर्च किमतीत धरा. बिलांची फाईल मिळाली तर आनंद माना, आणि मग वजाबाकी करा.

तुमच्यासाठी सराव

घरातली कोणतीही तारखांची मालिका घ्या. लाईट बिलं, दूध डेअरीचं पुस्तक, आजोबांचं पासबुक. तीन रकाने करा: तारीख, आकडा, आधीच्या नोंदीपासूनचं अंतर. सगळ्यात मोठं अंतर शोधा. त्याचं पहिलं स्पष्टीकरण मनात येईल ते लिहा आणि त्याच्या पुढे लिहा: "हे खरं असेल तर आकड्यात काय दिसायला हवं?" माझ्या बाबतीत उत्तर सोपं होतं. गाडी उभी असती तर मीटरही उभा असता.

मामाच्या गाडीत आता डॅशबोर्डवर एक वही असते. ऑईल, फिल्टर, किलोमीटर, सगळं तो स्वतः लिहितो. मागच्या महिन्यात गेले तेव्हा त्याने ती माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "बघ बरं, कुठे खड्डा आहे का." मी सगळ्या वजाबाक्या केल्या. त्याने टपरीवर दोन चहा सांगितले, आणि इंजिन चालूच ठेवून तो माझ्याकडे बघत उभा राहिला.

भेटूया पुढच्या लेखात. तुमच्या मालिकेतला सगळ्यात मोठा खड्डा कोणता निघाला, ते नक्की कळवा.